पोस्टग्रेसच्या पानातली मोकळी जागा : मोंढ्यातील एका हिशोब-सर्व्हरवरून केलेले परीक्षण

नांदेडच्या नव्या मोंढ्यातील एका आडत दुकानाचा हिशोब मी गेले चार हंगाम पोस्टग्रेसएसक्यूएल या डेटाबेसवर चालवीत आहे. या डेटाबेसचा वेग, त्याची विश्वासार्हता आणि त्याचा मोफत परवाना यांबद्दल भरपूर लिहिले गेले आहे, त्यामुळे त्यात मी भर घालत नाही. डिस्कवरच्या एका पानात उरलेली जागा हा डेटाबेस कशी मोजतो, नव्या नोंदीला कशी देतो आणि जुन्या नोंदीकडून कधी परत मिळवतो, एवढ्या एकाच अंगाने मी त्याची पारख करणार आहे. दोन वर्षांपूर्वी ऐन सोयाबीनच्या आवकेत दुकानाची डिस्क भरली, तेव्हा बाकीचे सगळे गुण बाजूला राहिले आणि एवढाच प्रश्न समोर उभा राहिला. दुकानातले वयस्कर मुनीम मला म्हणाले होते, “साहेब, पट्ट्या तर मागच्या सालाइतक्याच फाडल्यात, मग हे मशीन भरलं कशानं?” पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या विकलेल्या मालाचे बिल. त्यांचा प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर द्यायला मला तीन दिवस लागले.

आधी या दुकानातील नोंदीचे स्वरूप सांगितले पाहिजे, कारण पुढची सारी गुंतागुंत तिथूनच निघते. शेतकऱ्याचा माल फाटकातून आत आला की आवकेच्या टेबलात एक नोंद पडते : नाव, गाव, माल, कट्टे. त्या वेळी भाव, वजन आणि खरेदीदार हे रकाने रिकामे असतात. बीट, म्हणजे लिलाव, झाल्यावर त्याच नोंदीत भाव व खरेदीदार येतात, काट्यावर वजन झाल्यावर वजन येते, मग हमाली-तोलाईची कपात लागते आणि शेवटी पट्टीची रक्कम चुकती झाल्याची खूण होते. म्हणजे एक नोंद एकदा जन्मते आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी चार वेळा बदलते. संध्याकाळनंतर तिला सहसा कोणी हात लावत नाही. बँकेच्या खात्यासारखी ती वर्षानुवर्षे हलत राहत नाही आणि पावतीपुस्तकासारखी एकदाच लिहून मोकळीही होत नाही.

पोस्टग्रेसमध्ये टेबलाची फाइल ८ केबीच्या, म्हणजे ८,१९२ बाईटच्या पानांत विभागलेली असते. प्रत्येक पानाच्या आरंभी २४ बाईटचे हेडर असते. त्याच्या पाठोपाठ प्रत्येक नोंदीसाठी ४ बाईटचा एक दर्शक असतो, जो ती नोंद पानात नेमकी कुठे ठेवली आहे ते सांगतो. नोंदी मात्र पानाच्या शेवटाकडून मागे मागे रचल्या जातात. दर्शक पुढून वाढत येतात, नोंदी मागून वाढत येतात, आणि मधल्या पट्ट्यात जे उरते ती मोकळी जागा. ही रचना मला अतिशय आवडते, कारण मोकळी जागा सलग राहते आणि ती मोजायला हेडरमधील दोन आकड्यांची वजाबाकी पुरते. पेजइन्स्पेक्ट नावाच्या जोडविस्ताराने हे दोन आकडे कोणालाही पाहता येतात. आमच्या टेबलातील नोंद स्वतःच्या हेडरसह सरासरी १५२ बाईटची आहे, दर्शक धरून १५६. असे एक भरलेले पान उघडून पाहिले तेव्हा दर्शकांचा शेवट २३२ वर आणि नोंदींचा आरंभ २८८ वर होता. पानात ५२ नोंदी होत्या आणि मधे ५६ बाईट मोकळे होते, ज्यांत आणखी एक नोंद बसणे शक्य नव्हते. कट्ट्यांची थप्पी छतापर्यंत नेल्यावर वर वीतभर फट राहते, तसेच हे दिसते.

अडचण इथूनच सुरू होते. पोस्टग्रेस नोंद जागच्या जागी बदलत नाही. एक रकाना बदलला तरी तो संपूर्ण नोंदीची नवी आवृत्ती लिहितो आणि जुनी आवृत्ती तशीच ठेवतो, कारण एखादा आधी सुरू झालेला व्यवहार (ट्रान्झॅक्शन, म्हणजे डेटाबेसमधील कामाचा एक सलग गट) ती अजून वाचत असण्याची शक्यता असते. १९८६ मध्ये बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या प्रकल्पातून हा डेटाबेस जन्मला, तेव्हापासूनच जुने पुसायचे नाही हा त्याचा पिंड आहे. मूळ कल्पनेत तर जुन्या आवृत्त्या व्हॅक्यूम नावाच्या प्रक्रियेने उचलून पुन्हा न लिहिता येणाऱ्या ऑप्टिकल डिस्कवर कायमच्या जपून ठेवायच्या होत्या. आज व्हॅक्यूम जुन्या आवृत्त्या जपत नाही, फेकून देतो, पण नाव तेच राहिले आहे. आमच्या हिशोबात याचा अर्थ असा की एका पट्टीमागे पाच आवृत्त्या लिहिल्या जातात आणि त्यांतील चार संध्याकाळपर्यंत कचरा झालेल्या असतात. मुनीमजींनी मोजल्या त्या पट्ट्या होत्या. डिस्क मोजत होती त्या आवृत्त्या.

हा कचरा हटवण्यासाठी पोस्टग्रेसकडे दोन वाटा आहेत आणि त्यांतील पहिली इतकी चांगली आहे की तिच्यासाठीच मी या डेटाबेसची शिफारस करतो. २००८ च्या ८.३ या आवृत्तीत आलेल्या या सोयीला ‘हॉट’ म्हणतात. बदललेला रकाना कोणत्याही इंडेक्समध्ये, म्हणजे नोंद चटकन शोधण्यासाठी ठेवलेल्या सूचीमध्ये, नसेल आणि नवी आवृत्ती त्याच पानात मावत असेल, तर इंडेक्सला हातही न लावता नवी आवृत्ती जुनीच्या शेजारी ठेवली जाते, आणि इंडेक्स जुन्याच दर्शकाकडे बोट दाखवत राहतो. नंतर त्या पानावर कोणी साधे वाचायला आले आणि जागा कमी पडत आहे असे दिसले, तर तेवढ्या एका पानाची झाडलोट तिथल्या तिथे होते : मेलेल्या आवृत्त्या निघतात, उरलेल्या नोंदी सरकवून मोकळी जागा पुन्हा सलग केली जाते आणि पहिला दर्शक नव्या आवृत्तीकडे वळवला जातो. यासाठी व्हॅक्यूमची वाट पाहावी लागत नाही. येणाराजाणारा आपल्या पायापुरती जागा झाडून जातो, असा हा प्रकार आहे.

पण ‘त्याच पानात मावत असेल’ ही अट पाहा. वर सांगितलेल्या पानात ५६ बाईट शिल्लक होते आणि नव्या आवृत्तीला १५२ हवे होते. टेबलाचा फिलफॅक्टर, म्हणजे नव्या नोंदी टाकताना पान कितपत भरायचे याची टक्केवारी, मुळात १०० असते. त्यामुळे सकाळच्या आवकेने पाने गच्च भरत होती आणि दुपारी बीट झाल्यावर पहिलाच बदल दुसऱ्या पानावर फेकला जात होता. तसे झाले की हॉटची सवलत गेली. प्रत्येक इंडेक्समध्ये नवी नोंद करावी लागली. मूळ पानातली जुनी आवृत्ती पुढे झाडली गेली तरी तिचा ४ बाईटचा दर्शक मृत म्हणून पडूनच राहतो, कारण इंडेक्समधले बोट अजून त्याच्याकडे असते आणि तो दर्शक मोकळा करण्याचे काम फक्त व्हॅक्यूम करतो.

फिलफॅक्टर १०० ठेवण्याचा निर्णय ज्यांच्या टेबलात फक्त भर पडते त्यांच्यासाठी बरोबर आहे, हे मी मान्य करतो. तरीही बी-ट्री या नेहमीच्या प्रकारच्या इंडेक्ससाठी हाच आकडा ९० ठेवणाऱ्यांनी टेबलाला मात्र श्वास घ्यायला फट ठेवू नये, हे मला खटकते. ओरॅकल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये पीसीटीफ्री हे याच धर्तीचे माप मुळातच १० असते, म्हणजे ब्लॉकचा (त्याच्याकडील पानाचा) दहावा भाग बदलांसाठी राखलेला असतो. अर्थात दोघांची गरज सारखी नाही. ओरॅकल जुनी आवृत्ती अनडू नावाच्या वेगळ्या जागी ठेवतो आणि नोंद जागेवरच बदलतो, म्हणून त्याला फक्त नोंदीच्या वाढीपुरती जागा लागते : आमच्याकडे भाव आणि वजन भरले की नोंद जितकी लांबते, तितकीच. ती वाढही ब्लॉकमध्ये मावली नाही तर नोंद दुसऱ्या ब्लॉकमध्ये जाते आणि जुन्या जागी फक्त पुढचा पत्ता उरतो. पोस्टग्रेसला दरवेळी पूर्ण नोंदीएवढी जागा हवी असते. म्हणजे जास्त गरज असणाऱ्याने कमी राखून ठेवले आहे.

मी आवकेच्या टेबलाचा फिलफॅक्टर ८५ केला. आता एका पानात ५२ ऐवजी ४४ नोंदी बसतात आणि १,३०४ बाईट मोकळे राहतात, ज्यांत आठ नव्या आवृत्त्या मावतात. चव्वेचाळीस नोंदींच्या प्रत्येकी चार बदलांना आठ जागा कशा पुरतील, ही शंका मलाही आली होती. त्या पुरतात, कारण मोकळी जागा राखीव मापाच्या खाली गेली की पुढचा येणारा झाडलोट करतो आणि तीच आठ ठिकाणे दिवसभर फिरून वापरली जातात. ७० करून पाहिले तेव्हा पानात ३६ नोंदी आणि सोळा आवृत्त्यांची जागा झाली. पण टेबल विनाकारण जाड झाले आणि महिन्याचा अहवाल काढताना जास्त पाने वाचावी लागू लागली, म्हणून परत ८५ वर आलो. एक गोष्ट पुस्तिकेत लिहिलेली असूनही नजरेतून सुटते : हा बदल फक्त पुढे भरल्या जाणाऱ्या पानांना लागू होतो, आधीची गच्च पाने तशीच राहतात.

एवढे करूनही हॉटचे प्रमाण अपेक्षेइतके वाढले नाही. टेबलांची आकडेवारी देणाऱ्या दृश्यात (व्ह्यूमध्ये) एकूण बदल आणि हॉट बदल असे दोन रकाने शेजारीशेजारी आहेत, ते रोज संध्याकाळी पाहत गेलो तेव्हा कारण सापडले. ‘स्थिती’ या रकान्यावर, म्हणजे आवक, बीट, वजन, चुकती या टप्प्यावर, मीच एक इंडेक्स घातला होता आणि नेमका तोच रकाना बहुतेक बदलांत बदलत होता. फक्त न चुकवलेल्या पट्ट्यांपुरता अंशतः इंडेक्स करून पळवाट काढता येईल असे वाटले, पण इंडेक्सच्या अटीत आलेला रकानाही हॉटच्या नियमात मोजला जातो, म्हणून तीही वाट बंद झाली. शेवटी तो इंडेक्स काढला. दिवसाच्या उधारीची यादी आता तारखेच्या इंडेक्सवरून निघते आणि कोणाला फरक जाणवलेला नाही.

दुसरी वाट व्हॅक्यूमची. तो टेबलावरून फिरतो, मेलेल्या नोंदी आणि त्यांची इंडेक्समधील बोटे काढतो आणि कोणत्या पानात किती जागा झाली त्याची नोंद मोकळ्या जागेच्या नकाशात करतो. हा नकाशा हे या डेटाबेसमधील कारागिरीचे उत्तम उदाहरण आहे. २००९ च्या ८.४ या आवृत्तीपर्यंत तो सामायिक मेमरीत एका ठरावीक मापाचा असे आणि ते माप प्रशासकाने अंदाजाने द्यावे लागे. माप लहान पडले की मोकळ्या झालेल्या पानांचा विसर पडत असे. त्यानंतर प्रत्येक टेबलाला स्वतःची वेगळी नकाशा-फाइल मिळाली. तिच्यात प्रत्येक पानासाठी फक्त एक बाईट असतो. एका बाईटमध्ये २५६ किमती मावतात, म्हणून ८,१९२ बाईटचे पान ३२ बाईटच्या पायऱ्यांत मोजले जाते. या पायऱ्यांवर एक झाड उभे असते, ज्याच्या प्रत्येक फांदीवर तिच्याखालील सर्वांत मोठी मोकळी जागा लिहिलेली असते. शेंड्यावरचा आकडा पाहिला की हवी तेवढी जागा टेबलात कुठे आहे की नाही हे लगेच कळते, आणि असेल तर खाली उतरत त्या पानापर्यंत पोहोचता येते. प्रत्येक पानाच्या वाट्याला एकच बाईट असल्याने कितीही मोठे टेबल अशा तीन मजल्यांत बसते.

पायऱ्यांच्या मापाचा तोटाही आहे. मोकळी जागा लिहिताना खालच्या पायरीला उतरवली जाते आणि मागताना वरच्या पायरीला चढवली जाते, जेणेकरून दिलेले पान अपुरे पडू नये. फिलफॅक्टर १०० धरला तर आमच्या १५२ बाईटच्या नोंदीसाठी मागणी १६० ची होते. ज्या पानात १५२ ते १५९ बाईट मोकळे आहेत ते १२८ च्या पायरीवर लिहिलेले असते, म्हणून नोंद मावत असूनही ते पान सुचवले जात नाही. एका पानामागे इतका अपव्यय मला चालतो. पायरीऐवजी नेमका आकडा ठेवला असता तर नकाशा दुप्पट झाला असता, आणि तोही प्रत्येक बदलाबरोबर हलता. ओरॅकलची स्वयंचलित पद्धत तर ब्लॉकची भरती पाव, अर्धी, पाऊण अशा ढोबळ मापांतच नोंदवते आणि तिचेही चालते.

आमच्या गावी महत्त्वाचा ठरणारा आणखी एक गुण सांगतो. मोंढ्यात वीज जाणे ही बातमी नसते, आणि इन्व्हर्टरची बॅटरी जुनी झाली की सर्व्हर मधेच बंद पडतो. नोंदी स्वतः लॉगमधून, म्हणजे डेटाबेस प्रत्येक बदल आधी जिथे टिपतो त्या फाइलमधून, पुन्हा उभ्या राहतात. नकाशाचे बदल मात्र तशा रीतीने लॉगमध्ये लिहिले जात नाहीत, त्यामुळे वीज परत आल्यावर तो थोडा शिळा असू शकतो. तो फक्त सुचवतो. सुचवलेल्या पानावर जाऊन डेटाबेस स्वतः जागा मोजतो आणि ती नसेल तर नकाशा दुरुस्त करून दुसरे पान मागतो. चुकीच्या नकाशामुळे हेलपाटा पडतो, हिशोब बिघडत नाही.

डिस्क भरली त्याचे मूळ मात्र वरीलपैकी कशातही नव्हते. ती चूक माझी होती. दुकानाच्या ओट्यावर भाव दाखवणारा एक पडदा लावला आहे आणि त्याचा प्रोग्राम मी लिहिला होता. सुरू होताच तो लॉगच्या टेबलात ‘फलक सुरू’ अशी एक ओळ लिहीत असे आणि तो व्यवहार कमिट करायचे, म्हणजे पक्का करून मिटवायचे, मी विसरलो होतो. एरवी तो संगणक रोज रात्री बंद होई, म्हणून काही बिघडत नव्हते. आवकेच्या गर्दीत तो तीन आठवडे बंदच झाला नाही. ज्याने काहीतरी लिहिले आहे असा एक व्यवहार उघडा असेपर्यंत, त्याच्यानंतर मेलेली कोणतीही आवृत्ती काढता येत नाही. ना व्हॅक्यूमला, ना हॉटच्या झाडलोटीला. स्वयंचलित व्हॅक्यूम दर मिनिटाला उठत होता, टेबल चाळत होता आणि काहीही न काढता परतत होता. पाच आवृत्त्यांतील चार मेलेल्या, आणि तीन आठवड्यांच्या सर्वच्या सर्व तिथेच. त्याच्या लॉगमध्ये ‘इतक्या नोंदी मृत आहेत पण अजून काढता येत नाहीत’ असे स्पष्ट लिहिलेले होते, पण ते वाचायला लॉग उघडावा लागतो. कमिट न करता रिकामे बसलेले सत्र (डेटाबेसशी असलेली जोडणी) ठरावीक वेळाने तोडून टाकणारी सेटिंग २०१६ च्या ९.६ या आवृत्तीपासून आहे. ती मुळात बंद असते. मी आता ती दहा मिनिटांवर ठेवली आहे आणि माझ्या मते ती सर्वांनीच लावावी.

चूक सापडून व्यवहार बंद केल्यावर व्हॅक्यूमने सर्व कचरा काढला. फाइल मात्र तेवढीच राहिली. साधा व्हॅक्यूम जागा टेबलाला परत देतो, ऑपरेटिंग सिस्टीमला देत नाही. फाइलच्या अगदी शेवटची पाने पूर्ण रिकामी असतील तरच तेवढे शेपूट कापले जाते, आणि आमच्या शेवटच्या पानांत त्याच दिवसाच्या ताज्या पट्ट्या होत्या. फाइल आक्रसायची तर व्हॅक्यूम फुल चालवावा लागतो, जो संपूर्ण टेबल नव्याने लिहितो. त्यासाठी नव्या प्रतीएवढी जागा डिस्कवर आधी असावी लागते आणि काम संपेपर्यंत त्या टेबलावर वाचणेसुद्धा बंद असते. भरलेली डिस्क रिकामी करायला रिकामी डिस्क लागावी, ही या डेटाबेसमधील माझी सर्वांत मोठी तक्रार आहे. जुने बॅकअप बाहेरच्या ड्राइव्हवर हलवून मी रात्री दुकान बंद झाल्यावर ते काम केले. पीजी-रिपॅक नावाचे बाहेरचे साधन हेच काम टेबल जवळजवळ सर्व वेळ उघडे ठेवून करते, पण दुसऱ्या प्रतीची जागा त्यालाही लागतेच.

स्वयंचलित व्हॅक्यूमची मूळ मोजणीही मोठ्या टेबलासाठी सैल आहे. पन्नास अधिक एकूण नोंदींचे वीस टक्के इतक्या नोंदी मेल्यावर तो जागा होतो. दहा लाख नोंदींच्या टेबलात ही संख्या २,००,०५० होते. मी आवकेच्या टेबलापुरते हे प्रमाण दोन टक्के केले आहे, म्हणजे २०,०५०. इंडेक्सच्या बाबतीत मात्र समाधान अर्धेच आहे, कारण त्यांचा नकाशा फक्त पूर्ण रिकामी झालेली पाने लक्षात ठेवतो. अर्धवट रिकामे झालेले इंडेक्सचे पान त्याच टप्प्यातील किल्ल्या, म्हणजे इंडेक्समधील किमती, पुन्हा आल्या तरच भरते, आणि तारीख तर पुन्हा मागे येत नाही.

दुकान लहान असेल, एकच संगणक आणि एकच लिहिणारा असेल, तर मी आजही एसक्यूलाइट हा एकाच फाइलमध्ये राहणारा छोटा डेटाबेस बसवतो. त्यात पुसलेल्या नोंदीची जागा पानातच साखळीने जोडून ठेवली जाते, रिकामी पाने वेगळ्या यादीत जातात, आणि फाइल लहान करायची तर तिथेही सहसा व्हॅक्यूम चालवून सर्व नव्याने लिहावे लागते. पण एवढ्याशा फाइलला ते काही क्षणांचे काम असते. फाटक, काटा आणि गल्ला अशा तीन ठिकाणांहून एकाच वेळी नोंदी होत असतील तर पोस्टग्रेसला पर्याय शोधायची मला गरज वाटत नाही. ते बसवताना फिलफॅक्टर, रिकाम्या सत्राची मुदत आणि व्हॅक्यूमचे प्रमाण या तीन सेटिंग पहिल्याच दिवशी लावाव्यात आणि बदलत्या रकान्यावर इंडेक्स घालण्याआधी दोनदा विचार करावा.

गेल्या हंगामात सोयाबीन आणि तूर मिळून आवक आधीच्या सालापेक्षा जास्त झाली, तरी आवकेच्या टेबलाची फाइल नव्या नोंदींपुरतीच वाढली. मुनीमजींना तो आकडा दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा वर करून पडद्याकडे एकदा पाहिले आणि हळदीचे बीट सुरू व्हायच्या आत पट्टीच्या छपाईत गावाचे नाव मोठ्या अक्षरात येईल का, असे विचारले. ते काम अजून बाकी आहे.